काकांचा गार दिवा

कर्वेनगरात देवावर विश्वास नसलेली माणसं असतील, पण एलईडी दिव्यावर विश्वास नसलेला माणूस आमचे घरमालक काका शिल्लक राहू देणार नाहीत. मी वाशीमकडून पुण्यात शिकायला आलो आणि खोली बघायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझे मार्क, वडिलांचं काम, काहीच विचारलं नाही. "घरी दिवा कोणता?" एवढंच विचारलं. "पिवळा बल्ब," मी चाचरत म्हणालो. कुणाचं आजारपण कळावं तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "असू दे. त्यात तुझा काय दोष?" दिवाळीला गावी निघालो तर त्यांनी माझ्या पिशवीत दोन दिवे ठेवले. नंतर आई फोनवर म्हणाली, उजेड लख्ख आहे, बिलही उतरलं, पण कोपऱ्यातली जाळी फार दिसायला लागलीत.

लग्नाच्या आहेरातही ते दिवेच देतात. एका नवरीने खोकं जपून धरलं, तर हे स्टेजवरूनच ओरडले, "अहो, हलवा, बिनधास्त हलवा! आत तार नाही तुटायला!" घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी स्टुलावर चढवून लागलेला दिवा चाचपायला लावतात. "पोळला का हात? नाही ना! जुना बल्ब म्हणजे शेगडी हो. वीज सगळी उष्णतेत जाते, उजेड आपला उरलासुरला." कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तर ते रोज संध्याकाळी बसत आणि जुना बल्ब मागणाऱ्या गिऱ्हाइकाला परस्पर वळवत. शेवटी कंटाळून दुकानदाराने जुने बल्ब ठेवणंच सोडलं.

काकू मात्र या सगळ्यापासून लांब असत. आम्हा भाडेकरू मुलांना त्या नाश्ता देतात. गेल्या थंडीत त्यांना पहिल्यांदाच बाहेरची ऑर्डर मिळाली. शेजारच्या इमारतीत संध्याकाळी डोहाळजेवण होतं, त्यासाठी इडल्या हव्या होत्या. चार बायकांनी इडल्यांचं कौतुक केलं तर पुढे काम वाढेल, म्हणून काकू आठवडाभर त्याच विचारात होत्या. आदल्या दिवशी त्यांनी पीठ वाटून स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटात ठेवलं. त्या कपाटात एक पिवळा बल्ब होता. थंडीत त्याच्याच उबेवर पीठ फुगायचं. काकांना तो नेमका त्याच दिवशी सापडला. घरातला शेवटचा शत्रू! त्यांनी तो काढून फोडला आणि तिथे एलईडी लावला.

सकाळी कपाट उजेडाने नुसतं झगझगत होतं आणि पीठ होतं तसंच खाली बसलेलं. काकूंनी कपाटाचं दार हळूच लावून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका चपला घालून निघाले, मागून मीही. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "जुना बल्ब? काका, तब्येत बरी आहे ना? तुम्हीच तर बंद करायला लावलेत." पुढच्या दोन दुकानांतही तेच. त्या दिवशी काकांचा विजय पुरा झाला होता आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

पण हार मानतील तर ते काका कसले. घरी येऊन त्यांनी पिठाचं पातेलं उचललं, गच्चीवर नेलं, आपल्या शालीत गुंडाळलं आणि कावळे हाकलत उन्हात शेजारी सतरंजी टाकून बसले. "सूर्य आहे की," मला म्हणाले, "त्याला बिल येत नाही." दुपारी काकू वर आल्या. शाल बाजूला करून त्यांनी झाकणाला हात लावला.

"तापलंय."

"पातेलं?" काकांनी आशेने विचारलं.

"तुमचं डोकं. टोपी घालायला काय होतं?"

टोपी त्यांनीच पदराआडून काढून दिली. मग झाकण उचललं. पीठ काठापर्यंत आलं होतं. आता इडल्या वेळेवर होणार होत्या, तरी काकू लगेच खाली गेल्या नाहीत. काकांच्या शेजारी सतरंजीवर टेकल्या.

मला कॉलेजला जायचं होतं, पण जिन्याच्या दारातून पाय निघेना. माझी आई दिवसभर मजुरीला जाते आणि बाबा रात्री कापसाच्या जिनिंग कारखान्यावर राखणीला. ते दोघं असे उन्हात एकमेकांशेजारी नुसते बसलेले मी कधी पाहिले नाहीत.