दुपारचं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलतो — पावसाचं, पोरांचं. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी चंद्रपूरकडचा. सातवीत शाळा सुटली. फिरत फिरत उस्मानपुऱ्यातल्या एका अपार्टमेंटला वॉचमन लागलो, जिन्याखालची खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात ताप भरला. कांतामावशी तिथं चार घरची धुणीभांडी करायच्या. काही न विचारता डबा आणून ठेवला. "तुमच्याकडं भातच खात्यात म्हणं. घे, गिळ. भाकर मग शिकवते." त्या नसत्या तर मी तेव्हाच परत गेलो असतो. हे आधी सांगून ठेवतो.

कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये दोन हात पट्टी होती, नुसता कचरा. मावशींनी ती खणली. पालक, शेपू, आंबट चुका लावला, भिंतीवर दोडका चढवला. बघता बघता सगळी बिल्डिंग त्यात आली. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा, मग झाडांना कुठलं? म्हणून रीत पडली — तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी ज्यानं त्यानं बादलीत साठवून दाराबाहेर ठेवायचं, मी रोज सकाळी चार मजल्यांवरून ते खाली आणून घालायचं. ज्याला लागेल त्यानं जुडीभर खुडून न्यावं.

मे महिना होता. लिफ्ट बंद होती, गुडघे — जाऊ द्या, गुडघ्यांचं नको काढायला. बिल्डिंगच्या मागं ड्रेनेजचं चेंबर भरून वाहत होतं. त्यातलं पाणी मी पालकाला घालू लागलो. आणि लोकांच्या बादल्या? त्या वरच्या वर, ज्या त्या मजल्यावरच्या मोरीत ओतून द्यायचो. पाण्यासाठी टँकरमागं धावणाऱ्या माणसांच्या बादल्या!

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नातू उलट्या-जुलाबानं आजारी पडला. दोन दिवस सलाइनवर. पालकाला गटाराचा वास येतो, असं काकूंनीच ओळखलं. पार्किंगमध्ये सगळे जमले. सेक्रेटरीनं मला विचारलं, पाणी कोण घालतं?

"सकाळी मी घालतो," मी म्हणालो. "दुपारी मावशी."

दुपारी कुणीच घालत नव्हतं. दुपारी मावशी तिसऱ्या घरची भांडी घासत असायच्या, ते तिथल्या निम्म्या माणसांना माहीत होतं. तरी पटलं. लगेच पटलं. का पटलं? — इथंच तर माझं खरं पाप आहे. मावशींच्या घरी बाबासाहेबांची तसबीर, हे सगळ्यांना ठाऊक. काकू त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवायच्या. माझा कप वेगळा नव्हता. खोटं तोंडातून निघालं तेव्हा तो खिडकीतला कप माझ्या डोळ्यांपुढं होता. घाबरलो होतो, व्हय. पण कुणाचं नाव घेतलं तर खपेल, हे घाबरलेल्या माणसालाही बरोबर कळलं होतं.

"अवो, मी कवा घातलं दुपारी?" मावशी म्हणाल्या. "इचारा की याला."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी चपलेकडं.

"आमची भांडी तरी कशात धुते, देव जाणे," काकू म्हणाल्या. कुणीतरी हसलं.

त्या आठवड्यात मावशींची दोन घरं सुटली, महिन्याभरात उरलेली दोन. पट्टी उकरून तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवले. शेवटच्या दिवशी मावशी गेटपाशी थांबल्या. रागानं नाही, जणू तब्येत विचारावी तसं म्हणाल्या, "भ्यालतास व्हय रं?"

तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघंच. काय अडलं होतं हो म्हणायला?

मी म्हणालो, "कशाला भिऊ? तुम्हीच घालत होता की."

 मावशींनी पदर खोचला आणि त्या गेल्या.

सहा वर्षं झाली. वाळूजला कुठं तरी झाडलोटीचं काम करतात, असं कानावर आलं. पत्ता विचारता आला असता, विचारला नाही. मी अजून तिथंच आहे. दिवाळीला काकू ताट भरून फराळ देतात. भरवशाचा माणूस म्हणतात मला. मी ताट घेतो, आणि खातो.