शेवटची दोन पानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही, आणि ते तर पोटात शिरून गोष्ट काढणारे. आता लिहून टाकते. थकले बाई हे सांभाळून.

तुम्ही मला ओळखत असाल तर वाचनमंडळामुळंच. देवासच्या लेकीसुनांना हिनं वाचायची गोडी लावली, असं म्हणतात. लावलीही असेल. मी स्वतः धाकट्या भावोजींच्या पाटीवरून चोरूनमारून अक्षरं शिकले. मग दुपारी आठ-दहा जणी आमच्याकडं वाती वळायला बसायच्या, त्यांना शिकवलं. पुढं भावोजी मुलांच्या शाळेच्या वाचनालयातून पुस्तक आणून देत आणि ते घरोघर फिरे. नियम माझेच — चार दिवस एकीकडं, शेवट फोडायचा नाही, पुस्तक खराब केलं तर मंडळातून नाव बाद.

आमचं गाव एक, पण राजे दोन. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडं एकांचं राज्य, पलीकडं दुसऱ्यांचं. आम्ही सगळ्या थोरल्या पातीच्या. यमू तेवढी पलीकडची. सतवासकडून लग्न होऊन आलेली, बोलणं निम्मं हिंदी. पोरी तिला चिडवायच्या. पण ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची ती — कशी मन लावून! माझ्या शब्दावर सासू तिला धाडायची.

ते पुस्तक — नाव कशाला हवं — आधी माझ्याकडं होतं. शेवट जवळ आला नि मला धीर धरवेना. एका हातानं पुऱ्या तळत, दुसऱ्यात पुस्तक. केलंय कधी तुम्ही असं? कलंडलं ते कढईत. शेवटची दोन पानं तेलानं चिंब. मी ती वाचली — हो, आधी वाचली — मग फाडून चुलीत घातली. आणि पुस्तक यमूला दिलं. ती हळू वाचते, शेवटापर्यंत कुठली पोचायला, असं वाटलं मला.

पोचली. चौथ्या दिवशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की शेवटची पानंच नाहीत.

माझ्या हातून झालं — एवढंच म्हणायचं होतं ना? जड होतं का ते? मी म्हणाले, माझ्याकडं होतं तेव्हा पानं शाबूत होती. कुणीतरी लगेच बोललं, पलीकडच्यांना वस्तू सांभाळता येते कुठं.

"सच्ची सांगते ताई, मी नाही फाडली," यमू म्हणाली. मग खाली बघत, "आखरीला काय झालं, तेवढं तरी सांगा. ती मुलगी घरी पोचली का?"

"पानं तुझ्याकडं," मी म्हणाले. "तूच सांग आम्हाला."

सगळ्या हसल्या. मीही. तिचं नाव मीच खोडलं.

मंडळ वाढलं. कुणी धारला दिली, कुणी राजगढला; जिथं गेल्या तिथं त्यांनी चार पोरी जमवल्या, पुस्तकं फिरवली. माझं नाव झालं. यमू रस्ता ओलांडून पुन्हा आली नाही.

ती आता नाही. पण जायच्या आधी, बऱ्याच वर्षांनी, एकदा भेटली — धारला, तिच्या लेकाच्या घरी, चैत्राच्या हळदीकुंकवाला. मला बघून इतकी आनंदली की मलाच कसंसं झालं. सुनेला म्हणाली, ह्यांनी मला अक्षरं शिकवली. सून वाचणारी होती. माझ्याकडं तक्रार करायला लागली — सासूबाईंना वाचता येतं, पण पुस्तकाला हात म्हणून लावत नाहीत, तुम्ही तरी सांगा.

यमू म्हणाली, "नको ग. माझ्या हातून पानं हरवतात. ह्या ताईंना विचार."

टोमणा नव्हता तो. इतक्या वर्षांत तिला ते खरंच वाटायला लागलं होतं. सून माझ्याकडं बघत होती. यमूही बघत होती — तसं नव्हतं, असं कुणी सांगितलं तर ऐकावं, अशी.

मी म्हणाले, "हो, हरवली होती खरी एकदा."

आणि हळदीकुंकवासाठी हात पुढं केला.