चार मापाला पेलाभर कमी

शिवगंगाकाकूंच्या खव्याच्या भट्टीची आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे आमच्या वाशी गावात कुणाचं दूध पाणचट आहे हे मला घरबसल्या कळतं. काकू पळीवरून दुधाचा ओघळ बघतात आणि सांगतात, "ह्याच्या म्हशीनं हापशावर जाऊन धार दिलेली दिसतीय." साठी उलटली, पण त्यांच्या डोळ्याला अजून माप लागत नाही. तीस वर्षांत त्या एकदाच चुकल्या. आता मी शेजारी असताना ती चूक घरातल्या घरात राहणं अवघडच होतं.

त्यांची लेक प्रतीक्षा अमेरिकेत असते. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, ते तिकडंच झालं. त्यात काकूंचा पासपोर्ट अडकला आणि विमानात बसल्या विहीणबाई, मुरूमच्या नागूबाई. काकूंना ते लई लागलं. नातीच्या पाळण्याला, म्हणजे बारशाला, आपलं काहीतरी असावं म्हणून त्यांनी ठरवलं, बासुंदी आपली. हात लेकीचा, सांगणं आपलं. नागूबाईंनीही मोठ्या मनानं चाळीस पाहुण्यांना सांगून टाकलं, बासुंदी वाशीच्या विहीणबाईंची आहे.

"काकू, आता बिघडली तर नाव तुमचंच निघणार," मी म्हणालो.

"गुरुलिंग, तुझं त्वांड विरजणात घाल."

फोनवर काकूंनी सांगितलं, "दहा लिटर दूध घे, चार लिटर ऱ्हाईस्तवर आटव, सव्वा किलो साखर घाल."

"अव्वा, इथं दूध कॅननं मिळतंय."

"मग दोन कॅन आण. झालं दहा लिटर."

आपल्याकडं गोडेतेलाचा कॅन पाच लिटरचा, फवारणीच्या औषधाचा पाच लिटरचा, फिनेलचासुद्धा पाचच. दुनियेत दुसऱ्या मापाचा कॅन असतो हे काकूंच्या मनात यायचं कारण नव्हतं. प्रतीक्षा शिकलेली, पण दीड महिन्याचं लेकरू मांडीवर. दोन कॅन आईच्या शब्दावर आणले. चार लिटर म्हणजे किती, हे मात्र तिनं फोनला विचारलं. तो म्हणाला, साधारण एक कॅन. निम्मा हिशोब आईचा, निम्मा फोनचा. दोन कॅनचा एक कॅन होताच तिनं साखर घालून पातेलं उतरवलं.

आपल्याकडं सकाळ, तिकडं आदली संध्याकाळ. पाळणा दुसऱ्या दिवशी. भट्टीवर व्हिडिओ कॉल आला तेव्हा प्रतीक्षाचा आवाज रडवेला होता. "अव्वा, पळीला धरतच न्हाय. गोड पाणी झालंय. आत्यांनी अजून बघितलं न्हाय." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, नागूबाई.

काकूंनी पडद्यावरचा ओघळ बघितला आणि खाली बसल्या.

"कॅनवर काय लिहिलंय बघ," मी मध्ये तोंड घातलं.

"तीन पॉइंट अठ्ठ्याहत्तर लिटर."

"पॉइंट फॅटला असत्यात, दुधाला कुठनं आले?" काकू उसळल्या. "पाण्याची लिटरची बाटली हाय का? रिकाम्या कॅनात वत. माझ्या म्होरं वत."

तिकडं एक बाटली गेली, दोन गेल्या, तीन गेल्या. चौथी पुरी मावली नाही, चहाच्या मोठ्या पेल्याएवढं पाणी तळाला उरलं.

"चार मापाला पेलाभर कमी," काकू म्हणाल्या. "म्हंजी दोन कॅनात साडेसात लिटर. अन् म्या दहाची साखर घालाय लावली. चूक माझी हाय बाय, तू रडू नको. तिसरा कॅन हाय का घरात?"

होता.

"सगळा वत. आता उलथन्याचा दांडा सरळ उभा बुडव. वली खूण झाली तेवढ्याचे पाच भाग कर. तीन भाग ऱ्हाईस्तवर हलीव. लिटर, कॅन, समदं इसर."

दोन तास काकू फोन डब्याला टेकवून समोर बसल्या. "कडा खरवड. जाळ कमी कर. लेकरू रडतंय, सासूबाईकडं दे." इकडं त्यांच्या कढईतला खवा हलवायचं काम माझ्याकडं आलं, आणि तो खाली लागला. काकूंच्या भट्टीत खवा पहिल्यांदा करपला, हेही गावाला मीच सांगितलं. कुणी करपवला ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी नागूबाईंचा फोन आला. नातीचं नाव सृष्टी ठेवलं. पाहुण्यांनी पातेलं पुसून खाल्लं, सगळे विचारत होते वाशी कुठं आली. "फक्त साखर जरा बेताची पडली बगा, विहीणबाई."

काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून प्रतीक्षा हळूच म्हणाली, "अव्वा, आत्यांनी तीन वाट्या खाल्ल्या."

काकू सावरून बसल्या. "वाटी दाखीव. लिटरच्या बाटलीत अशा किती बसत्यात?"

"चार."

"पाऊण लिटर," काकू समाधानानं म्हणाल्या. "पाऊण लिटर पोटात गेल्यावर साखर बेताची वाटणारच की, विहीणबाई."

पलीकडं नागूबाई हसत सुटल्या. काकूंनी फोन ठेवला, करपलेल्या खव्याचा गोळा कागदात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तुझा. मोजून खा."