नव्या गाडीखालचं तेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काकांचं नाव घेतो. ते शिक्षक नव्हते. परीक्षानळ्या धुणं, कपाटांच्या किल्ल्या सांभाळणं, हे त्यांचं काम. माझे आईवडील दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीला जायचे, घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून शाळा सुटल्यावर काका मला प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी बसू द्यायचे. दहावीनंतर वडील मला आगाशीच्या बाजारात एका दुकानात कामाला लावणार होते. तेव्हा काका कॉलेजचा फॉर्म घेऊन घरी आले, ओट्यावर बसले आणि उठेचनात. "अंगठा उठवा, मग मी उठतो," म्हणाले. वडिलांनी अंगठा उठवला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी त्या अंगठ्यामुळे झालो.

आता मी विरारला मनवेलपाड्यात राहतो आणि एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात ते मला फार टोचलं.

गेल्या वर्षी मी लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेतली. उंच, दोन्ही बाजूंना पेट्या लावता येतील अशी. पहिली सर्व्हिसिंग झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमारतीखाली उभ्या गाडीपाशी उकिडवा बसलो आणि इंजिनाच्या उजव्या अंगाला तेल दाखवणारी काचेची गोल खिडकी असते, तिच्यात पाहिलं. खिडकी रिकामी. मेकॅनिकने तेल कमी घातलंय, अशी माझी खात्री झाली. मी बाजारातून त्याच प्रतीचं तेल आणलं आणि थोडं ओतलं. तरी खिडकी रिकामीच. आणखी ओतलं.

दोन दिवसांनी फरशीवर तेलाचा डाग दिसला. मी खाली पुठ्ठा अंथरला. पुठ्ठाही भिजला. तळमजल्यावरच्या मावशी रोज फुलं तोडायला खाली येतात. त्या थांबून म्हणाल्या, "काय रे, गाडी घेतलीस की तेलाचा घाणा? सांग म्हणजे बाटली घेऊन येते." मी हसलो, पण जिव्हारी लागलं. गळतंय म्हणून मी रोज सकाळी खिडकी पाहायचो, रिकामी दिसली की भर घालायचो. जितकं घालावं तितकं गळे.

तळाचा बोल्ट त्या मेकॅनिकने नीट आवळलेला नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं आणि कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली. कोणत्या दिवशी किती डाग पडला त्याचे फोटो जोडले. भाषा इतकी नेटकी होती की दोनदा वाचून काढली.

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरचा फोन आला. "सर, त्या मेकॅनिकला आम्ही घरी बसवलंय. तुम्ही मंगळवारपर्यंत लेखी कळवा, तक्रार कायम ठेवायची की कसं. कायम असेल तर त्याला काढावं लागेल. आधीची एक तक्रार आहे त्याच्यावर." मी म्हटलं, "कळवतो." फोन ठेवल्यावर, खरं सांगतो, मला न्याय मिळाल्यासारखं वाटलं.

रविवारी नंदाखालला काकांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते घरच्या केळी-नारळीच्या वाडीत रमलेत. काका-काकू नुकते चर्चमधून, मिस्साच्या प्रार्थनेहून आले होते. काकूंनी घरी वाळवलेली केळी, सुकेळी, पुढे ठेवली आणि मी मोठ्या उत्साहाने सगळी हकीकत सांगितली, मॅनेजरच्या फोनसकट.

काका म्हणाले, "त्या माणसाची नोकरी जाणार?"

"चूक केली तर जाणारच ना, काका."

"तेल कुठून गळतं ते पाहिलंस?"

"खालून."

"गळणारं सगळं शेवटी खालीच येतं. निघतं कुठून?"

 काका उठले, जुनं धोतर फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि रॉकेलचा डबा आणला. मग आम्ही दोघांनी इंजिन पुसलं, अगदी कोरडं होईपर्यंत. त्यानंतर त्यांनी आत जाऊन काकूंचा पावडरचा डबा आणला आणि सगळ्या इंजिनावर पावडर उधळली.

काकू दारातून ओरडल्या, "अहो! लग्नाला निघताना मला म्हणता, एवढी कशाला फासतेस. आणि तिला अख्खा डबा?"

"ती नवी आहे," काका म्हणाले.

"आणि मी?"

"तुझं इंजिन गळत नाही."

काकूंनी हातातलं फडकं त्यांच्या अंगावर फेकलं. काकांनी तेही कामाला लावलं.

मग काकांनी मला निर्मळ गावापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. परत आलो तेव्हा ते वाटेतच बसकण मारून बसले होते. आम्ही वाकून पाहिलं. तळाचा बोल्ट पांढराशुभ्र. सगळे जोड पांढरे. फक्त मागच्या बाजूला, हवा गाळणाऱ्या डब्याखालून एक बारीक नळी येते, तिच्या टोकापासून खाली काळी ओली रेघ उतरली होती.

"हा बोल्ट सुटला नाही," काका म्हणाले. "आता सांग, सर्व्हिसिंगनंतर तू काय केलंस?"

"काही नाही. फक्त तेल घातलं."

"किती?"

मी आठवून सांगितलं. सांगताना तो आकडा मलाच मोठा वाटू लागला.

"गाडीचं पुस्तक कुठाय?"

सीटखाली होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही काढलं नव्हतं. काका पिशवीकडे बघत राहिले. "बी.एस्सी. ना तू?" एवढंच म्हणाले. "वाच. मराठीत सांग."

मी वाचलं. गाडी सपाट जागी सरळ उभी धरावी, बाजूच्या स्टँडवर नको, आणि मग खिडकीतली पातळी पाहावी. मी रोज पाहत होतो तेव्हा गाडी स्टँडवर डावीकडे कललेली असायची. तेल डावीकडे जायचं आणि उजवीकडची खिडकी रिकामी दिसायची. मी हँडल धरून गाडी सरळ केली. काका गुडघ्यावर बसले. खिडकी काठोकाठ भरलेली होती, वरची खूण कुठल्या कुठे बुडाली होती. जास्तीचं तेल इंजिनाने वर हवेच्या डब्यात फेकलं होतं आणि ते त्या नळीवाटे बाहेर येत होतं.

"मोजपात्र वाकडं धरून आकडा वाचलास तर मी काय करायचो?" काकांनी विचारलं.

"कान धरायचात."

"आता मोठा झालास. तुझा तूच धर."

मी गाडी धरून उभा होतो, कान धरायला हात मोकळा नव्हता. ते पाहून काकू खूप हसल्या. मग मीही हसलो. पण काका हसले नाहीत. "उद्या जा," ते म्हणाले. "फोन करू नकोस, स्वतः जा. आणि काय झालं ते मला लिहून पाठव. फोनवर तू दोन शब्दांत उरकतोस, आणि मला धड ऐकूही येत नाही."

सोमवारी मी रजा टाकली. गाडी चालवून तेल आणखी उडायला नको म्हणून टेम्पोत घालून नेली. मंगळवारी रात्री काकांना पत्र लिहून पेटीत टाकलं. ते असं होतं:

"प्रिय काकांस, नमस्कार.

काल सर्व्हिस सेंटरला गेलो. मॅनेजरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'ठीक आहे सर, होतं असं, एक ओळ लिहून द्या.' मी एक ओळ न देता पानभर दिलं, कारण तक्रारही पानभरच होती. मी किती तेल घातलं, कसं पाहिलं, सगळं लिहिलं. खाली सही केली.

त्यांनी मेकॅनिकला बोलावून घेतलं. तो सफाळ्याहून येतो, दाढीवाला, माझ्याच वयाचा. त्याला येईपर्यंत दोन तास लागले. मी बसून राहिलो. आल्यावर तो थेट गाडीकडे वळला. गाडी सरळ उभी केली, जास्तीचं तेल काढलं, हवेच्या डब्यातलंही पुसून घेतलं. मग मला म्हणाला, 'सर, मी घातलं होतं ते तेल बरोबर होतं, एवढं एकदा मोठ्याने बोला. माझ्याबद्दल इथे सगळे चार दिवस बोलतायत.' तिथे पाच-सहा गिऱ्हाईकं आणि बाकीचे मेकॅनिक होते. मी मोठ्याने बोललो. आवाज जरा चिरकला. कोणीतरी हसलं, तोही हसला.

मग त्याने खिडकीपाशी मला बसवलं आणि पातळी वाचून दाखवायला लावली. मी वाचली. बरोबर आली.

मॅनेजर त्याला म्हणाले, 'आजपासून हजर हो.' तरी मला खात्री वाटेना, म्हणून आज दुपारी त्याला फोन केला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. तो म्हणाला, 'कामावर आहे सर, नंतर बोलू.' मी म्हटलं, 'बरं वाटलं.' तो म्हणाला, 'तुमच्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त बरं वाटलं.' आणि ठेवला.

तुमचा विद्यार्थी."