काकूंची नाचणारी भुवई

विजय नगरच्या क्लिनिकमध्ये मला एक काकू रोज भेटायच्या. गोळ्यांनी आमचं नैराश्य पुरतं हटलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघंही डोक्याला चुंबकीय लहरींचा उपचार घेत होतो. काकू उपचाराच्या खुर्चीला सिंहासन म्हणायच्या आणि बसताना पदर अगदी थाटात सावरायच्या.

एकदा एक नवी मुलगी दारातच रडू लागली. तिला वाटलं, शॉक देतात. सिंहासनावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टरजी, हिला माझ्याजवळ बसू द्या. बघून तर घेईल."

मशीन टकटक करू लागलं, तशी काकूंची भुवई उडू लागली. तरी त्या बोलतच होत्या. "बघ बेटा, बेहोश नाही करत. कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं, बस. नंतर थोडं डोकं दुखतं. आणि लगेच फरक नाही पडत हं. मला तर किती हफ्त्यांनी एका सकाळी पोहे खावेसे वाटले!"

"काकू, तुमची भुवई नाचतेय," मुलगी रडता रडता हसली.

"नाचू दे ना!"

मग मुलगी खुर्चीत बसली आणि काकू घरी न जाता तिच्याजवळ थांबल्या. मला त्या दिवशी बराच वेळ ताटकळावं लागलं. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी मात्र बाहेर बसून दोघींचं हसणं ऐकत राहिलो.