नवमीचे पेढे

हिब्रूच्या परीक्षेत मी पहिला आलो. आलो म्हणजे काय, बसलोच होतो मी एकटा. संस्कृताला निम्मं गिरगाव असे. तिथे आपला निभाव लागायचा नाही हे ओळखून मी इस्राएलांच्या संदेष्ट्यांना शरण गेलो होतो. गावात प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट.

कॉलेजात हिब्रू शिकवायची जागा निघाली. साहेब म्हणाले, "तुझे मास्तर हो म्हणाले तर जागा तुझी." मास्तर परळला चाळीत राहत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, घरातली बोली आपलीच मराठी. तीन वर्षं त्यांच्यापाशी शिकलो, पण तिथे पाण्याचा घोटही घेतला नव्हता. सोवळं ना आमचं!

सकाळीच पेढे घेऊन ट्रामने परळ गाठलं. मास्तर अनवाणी, जमिनीवर बसलेले. नमस्कार केला तर नुसती मान हलली. मनात म्हटलं, म्हातारा जळला वाटतं.

"मास्तर, पहिला आलो! तोंड गोड करा."

मास्तरांनी पेढ्यांकडे पाहिलंही नाही. मग मी, त्यांना खूश करावं म्हणून, यरुशलेमच्या देवळाच्या नाशावरचा माझा निबंधच घडाघडा म्हणायला लागलो. जुन्या टीकाकारांची मतं, आव महिन्याची नवमी, सगळं.

आतून काकू आल्या. "अहो, ती नवमी आजच! देऊळ पडलं त्याचा रोजा आहे आमचा. आज आम्ही एकमेकांना सलामसुद्धा करत नाही, आणि तुम्ही पेढे काय आणता?"

पोथीतली नवमी परळच्या चाळीतही उगवते, हे या पंडिताच्या गावीच नव्हतं.

पळून जावं, तर जागेचं काय? निर्लज्जासारखा गॅलरीत बसून राहिलो. दिवस मावळला आणि वालाच्या बिरड्याचा वास सुटला. रोजा त्यावरच सोडतात. पोटात माझ्याही सकाळपासून काही नव्हतं.

"काकू, मीही बसू का जेवायला?"

"बसा की, पान मांडते." त्यांनी मांडलंही. मग दारात येऊन हळूच म्हणाल्या, "पण गिरगावात कळलं तर?"

मी गॅलरीतून उठलोच नाही. त्या जरा थांबल्या आणि आत गेल्या.

जेवून, हात धुऊन मास्तर बाहेर आले. "साहेबांना उद्या सांगतो. अर्थ तू बरोबर लावतोस."

एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं. जागा मिळाल्याचा आनंद करायचा सोडून मी चपला शोधत होतो, आणि आत काकू ते कोरं पान उचलत होत्या.