सालार म्हणजे काय

काल नातीने विचारलं, "आजी, कमांडरला उर्दूत काय म्हणतात?" 'सालार' म्हणताना माझं तोंड कडू झालं.

मीरा रोडला आमच्या शेजारी नफीसा राहायची, उर्दूची शिक्षिका. लोकल गाड्यांतल्या बाँबस्फोटांनंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "मुलाचं नाव कमांडर? कसली फौज काढताय?"

तान्हा सालार तिच्या खांद्यावर झोपला होता. त्याच्या दुपट्याला दुधाचा आंबूस वास येत होता. ती हळूच म्हणाली, "भाईसाब, काफिले को रास्ता दिखानेवाला भी सालार होता है."

कुणी ऐकून घेतलं नाही. महिन्याभरात नफीसाचं कुटुंब घर विकून गेलं.

सेक्रेटरींचं स्वतःचं नाव रणजित होतं. त्यांना मात्र कुणी अर्थ विचारला नाही.